कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं? मग आता वही काढा

आमच्या अण्णाला, म्हणजे थोरल्या भावाला, २०११ साली हार्ट अटॅक आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात लॅबचा रिपोर्ट होता. तीन आठवड्यांपूर्वीचा. टोटल कोलेस्टेरॉल १७२, आणि त्यापुढं निळ्या पेनानं बरोबरची खूण. वय बावन्न. रविवारी पांढरा रस्सा वाढून घेताना तो हा रिपोर्ट आम्हाला दाखवायचा, परवाना असल्यासारखा. अटॅक आला तो मंगळवारी, ताटात भाकरी आणि दोडक्याची भाजी असताना.

अण्णा वाचला. पण दवाखान्यात डॉक्टर प्रश्न विचारायला लागले तेव्हा माझी जी अवस्था झाली ती अजून आठवते. बीपी किती असतं? "असतं की नॉर्मल." शेवटचं कधी मोजलं? गप्प. वडील कशानं गेले? "झोपेत." तंबाखू? "जेवल्यावर तेवढी." मी बँकेत कॅशियर होतो. दिवसभर लोकांचे पैसे दोनदा मोजून द्यायचो, आणि सख्ख्या भावाचा एक आकडा मला सांगता येईना. त्या लाजेपोटी हृदयाला धोका देणाऱ्या सगळ्या गोष्टी लिहून ठेवायची वही सुरू केली. तेव्हापासून घरच्या, भावकीतल्या आणि कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या मिळून चाळीसेक माणसांच्या वह्या भरून घेतल्या आहेत. ती कशी भरायची ते सांगतो. शंभर पानी वही, पेन, शिंप्याची टेप आणि दंडावर बांधायचं बीपीचं मशीन एवढं घरात आहे असं धरतो. नसेल तर आधी आणा.

सुरुवात करायच्या आधी एक गोष्ट डोक्यातून काढायची. "नळात घाण साचते तशी नस तुंबते" हे जो तो सांगतो, आणि त्यामुळं लोकांना वाटतं की तेलतूप कमी, घाण कमी, विषय संपला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या म्हणजे लोखंडी पाइप नव्हेत, ते जिवंत मांस आहे. त्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं. वाढलेलं बीपी ते अस्तर रात्रंदिवस ठोकतं, तंबाखू आणि वाढलेली साखर ते खराब करते. खराब झालेल्या जागेतून कोलेस्टेरॉल आत शिरतं, त्याच्यामागं रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरतात, सूज येते, थर धरतो. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि रस्ता बंद. यातली चकवणारी गोष्ट अशी की फुटणाऱ्या थरानं आदल्या दिवशी नस अर्धीसुद्धा अडवलेली नसते असं बऱ्याचदा होतं. म्हणून "काल तर रंकाळ्याला चक्कर मारली, काही त्रास नव्हता" याला काही अर्थ नसतो.

म्हणजे कोलेस्टेरॉल हा कच्चा माल झाला. तो बेताचा असूनही बाकीची मंडळी जोरात असली तर काम होतंच. १९४८ साली अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात माणसं वर्षानुवर्षं तपासायला सुरुवात झाली, तेव्हापासून बीपी, धूम्रपान, साखर ही नावं पुढं येत गेली. २००४ साली इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास छापून आला. बावन्न देशांतला, आणि प्रमुख होते मूळचे केरळचे डॉक्टर सलीम युसूफ. त्यांनी नऊ कारणं मांडली: रक्तातली चरबी, धूम्रपान, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं गणित. जगातले दहातले नऊ पहिले अटॅक या नऊ कारणांत बसतात. आणि आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या, लोकांना पहिला अटॅक सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी आला होता, बाकीच्यांना एकोणसाठीच्या आसपास. अण्णाचं बावन्न त्यात बरोबर बसतं.

याचा उलटा अर्थ काढणारेही भेटतात. "कोलेस्टेरॉलचा काही संबंध नाही, गोळ्या बंद करा" असा व्हिडिओ मला महिन्यातून दोनदा येतो. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर ती चालू ठेवा. ही वही त्या गोळीच्या जोडीला आहे, तिच्याऐवजी नाही.

आणि ही वही छातीत दुखत असताना भरायची नसते. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, दुखणं हाताकडं, जबड्याकडं, पाठीकडं जातंय, घाम फुटलाय, दम लागलाय, तर "पित्त असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत दुखल्याशिवाय नुसता दम, नुसता थकवा, नुसती मळमळ असाही अटॅक येतो. अण्णानं पाऊण तास ओवा चघळला होता.

पहिलं पान: घराण्याचं

वडील, आई, सख्खी भावंडं. प्रत्येकापुढं हृदयाचा त्रास झाला का आणि कितव्या वर्षी. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत असेल तर लाल पेनानं लिहा. "झोपेत गेले, पुण्यवान माणूस" असं उत्तर आलं की पुढं विचारायचं: वय किती होतं? आमच्या वडिलांचं चोपन्न होतं. पंचवीस वर्षं आम्ही त्यांना पुण्यवान म्हणत होतो.

दुसरं पान: टेप

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या पोटावर, श्वास सहज सोडून. पुरुषाला नव्वद सेंटिमीटरच्या वर, बाईला ऐंशीच्या वर गेलं की धोका धरायचा. हे आकडे आपल्या लोकांसाठीचे आहेत, गोऱ्यांसाठी वेगळे असतात. पँटचा नंबर सांगू नका. पँट पोटाखाली बांधायची आणि "बत्तीस" म्हणायचं ही पेठेतली जुनी खोड आहे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढं असा माणूस स्वतःला बारीक समजतो. वहीत तो जाड्यांच्या यादीत जातो.

तिसरं पान: तंबाखू, खरी

इथं माणूस खोटं बोलतो, म्हणून प्रश्न नीट विचारायला लागतात. "सिगारेट ओढता का" असं विचारलं की "नाही". मग विचारा, चुना-तंबाखू? मावा? गुटखा? गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण बंदी कागदावर आणि पुडी खिशात. बायकांना विचारा, मिश्री? आमच्या गल्लीतल्या एक काकी मला म्हणाल्या, "मी कुठं तंबाखू खातो, मी नुसती मिश्री लावतो दाताला." दिवसातून पाच वेळा, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. तोंडातली तंबाखू फक्त कॅन्सरला कारण, हृदयाला नाही, हा समज चुकीचा आहे.

वहीत "दिवसाला किती वेळा" हा आकडाच लिहायचा. "कमी केली आहे" हे वाक्य मी खोडतो. दोनतीन सिगारेटनीसुद्धा हृदयाचा धोका बराच चढतो, तो काही हप्त्याहप्त्यानं वाढत नाही. घरात दुसरा कुणी ओढत असेल तर तेही लिहा. सोडलेली असेल तर तारीख लिहा, मोठ्या अक्षरात: ओढणं पूर्ण बंद केल्यावर वर्षभरात हा जादा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. एवढा परतावा कुठल्याच ठेवीला मी पाहिलेला नाही.

चौथं पान, खरं तर दहा पानं: बीपी

इथं सगळे चुकतात. मीही दोन वर्षं चुकत होतो, आणि ते असं.

अण्णाच्या अटॅकनंतर मी मशीन आणलं आणि स्वतःचं बीपी लिहायला लागलो. दर रविवारी. जेवण झालं, तासभर डोळा लागला, उठलो, की आरामात मोजायचं. १२६/७८. १२४/७६. पानंच्या पानं अशी सुंदर. मी ती बायकोला वाचून दाखवायचो. मग एकदा पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायचं होतं, झोप येईना म्हणून पहाटे सहज मोजलं तर १५२/९४. मशीन बिघडलं म्हणून पुन्हा लावलं. १५०/९४. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. पोटभर जेवून झोप काढल्यावर बीपी बरंच उतरतं, आणि मी नेमकी तीच वेळ धरली होती. दवाखान्यातही मी दुपारीच जायचो. दोन वर्षं माझं बीपी वाढलेलं होतं आणि माझ्याच अक्षरात "नॉर्मल" लिहिलेलं होतं. उलटाही प्रकार असतो: पांढरा कोट दिसला की बीपी चढतं आणि घरी येऊन उतरतं, त्यात माणसाला नको ती गोळी लागते. दोन्हीवर उपाय एकच, घरी, ठरल्या वेळी, सात दिवस.

वेळ: सकाळी उठल्यावर तासाभरात. लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, नाश्त्याच्या आधी, बीपीची गोळी चालू असेल तर ती घ्यायच्या आधी. आणि संध्याकाळी, रात्रीच्या जेवणाआधी. त्याच्या अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, जिना नाही, भांडण नाही.

बसणं: पाठ टेकलेली. पलंगाच्या काठावर किंवा स्टुलावर नव्हे, पाठ असलेल्या खुर्चीत. दोन्ही पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकलेले नाहीत. हात टेबलावर असा की दंडावरचा पट्टा छातीच्या उंचीला येईल. हात खाली लोंबत ठेवला तर आकडा सहज दहानं फुगतो. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरवर नाही, आणि बाही वर सरकवून दंड आवळून तर अजिबात नाही. शर्ट काढा. घर आपलंच आहे. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वर दोन बोटं.

आणि मग पाच मिनिटं गप्प बसायचं. आमच्याकडं सगळ्यात अवघड हेच. कोल्हापूरचा माणूस मशीन फुगत असताना फुटबॉलवर बोलतो. बोललं की वरचा आकडा दहाच्या आसपास चढतो, हे मी मुद्दाम करून बघितलंय: गप्प बसून १३२, पेठेच्या टीमचा पेनल्टीवरचा राग काढत १४६. टीव्ही बंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत. स्वयंपाकघरातून "किती आलं?" अशी हाक आली तरी उत्तर द्यायचं नाही. मी बटण दाबायच्या आधी घरात जाहीर करतो, मग पाच मिनिटं मी घरात नाही असं समजायचं.

एका वेळी दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट थांबून. दोन्ही आकडे लिहा. त्यातला चांगला निवडून लिहायचा नाही. नोटा दोनदा मोजताना कमीजास्त भरलं तर आवडेल तो आकडा धरत नाहीत.

आता पट्ट्याचा घेर. यात मी दुसऱ्याचं नुकसान करणार होतो. आमच्या गल्लीत एक वस्ताद आहेत. जुने पैलवान, खासबागेत कुस्त्या केलेले, आता सत्तरीचे. दंड अजून चाळीस सेंटिमीटरचा. माझ्या मशीनच्या पट्ट्यावर लिहिलं होतं २२ ते ३२, आणि ते मी कधी वाचलंच नव्हतं. पट्टा ओढूनताणून बसवला तर दोनदा फटकन सुटला. "मर्दा, मशीन रडाय लागलंय तुझं," वस्ताद म्हणाले. तिसऱ्यांदा हातानं दाबून धरला आणि १७८/१०४ आलं. मी घाबरलो, वस्तादांना घाबरवलं, त्यांच्या मुलाला कामावरून बोलावलं. डॉक्टरांनी मोठा पट्टा लावला तेव्हा १४८/८८. जास्त होतंच, पण त्या रात्री धावपळ करायसारखं नव्हतं. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो, आणि बारीक दंडाला ढगळ लावला की खोटा उतरतो. म्हणून टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड मोजा, आणि पट्ट्यावरचा आकडा वाचून मगच मशीन घ्या. मोठा पट्टा वेगळा मिळतो. दुकानदार "सगळ्यांना बसतो" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. मनगटाचं मशीन घेऊ नका. दिसायला सुटसुटीत असतं, पण हात थोडा वरखाली झाला की आकडा बदलतो, आणि त्यावरून घरात वाद होतात.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर बीपी मोजा. जो जास्त दाखवेल तोच पुढं कायम. दोन दंडांत सारखाच दहा-पंधराचा फरक पडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, ती नुसती मशीनची खोड नसते. मशीनवर नाडी अनियमित असल्याची खूण वारंवार येत असेल तर त्या आकड्यांवर विसंबू नका, ईसीजी काढून घ्या. आणि वर्षातून एकदा मशीन पिशवीत घालून डॉक्टरांकडं न्या, त्यांच्या मशीनशी ताडून बघा.

सात दिवस झाले की पहिल्या दिवसाचे चारही आकडे सोडून द्या. पहिल्या दिवशी सगळेच दचकलेले असतात. उरले चोवीस. वरच्यांची सरासरी, खालच्यांची सरासरी. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याच्यावर आली तर बीपी वाढलेलं आहे, हे दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीचं. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर त्याच्याही खाली आणायला सांगतात. माझी त्या आठवड्याची सरासरी १४६/९१ निघाली. पुढं गोळी लागली, आणि "एकदा चालू झाली की सुटत नाही" हे ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना मी विचारतो, चष्मा लागल्यावर तुम्ही किती दिवसांनी सोडला?

"वय अधिक शंभर एवढं वरचं बीपी चालतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हात जोडतो. सत्तर वर्षांच्या माणसाला १७० चालत नाही. "खालचं महत्त्वाचं, वरच्याकडं बघायचं नाही." हेही चूक, पन्नाशीनंतर तर वरचाच आकडा जास्त बोलतो. "मला काही होत नाही म्हणजे बीपी नाही." माझं १५२ होतं तेव्हा मी शिट्टी वाजवत एसटीत बसलो होतो.

आकडे गोल करू नका. पानभर १२०/८०, १२०/८०, १३०/८० दिसलं की मी वही परत करतो. मशीन इतकं शिस्तीचं नसतं. दिवसातून वीस वेळा मोजणं हा वेगळाच आजार आहे, त्यात आकडा माणसाच्या भीतीवर चढतो आणि माणूस आकड्यावर. आणि एकदम १८०/१२० च्या वर दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, दम, बोलण्यात अडखळणं, हातापायातली ताकद जाणं यातलं काही असेल तर पुन्हा मोजत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

मिठाचं याच पानावर लिहा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सगळ्या दिवसाचं मिळून एक छोटा चमचा. आपल्याकडं सगळे शिव्या देतात मटणाला आणि माफी मिळते पापडाला. तांबडा रस्सा आठवड्यातून एकदा होतो, पण लोणचं, खर्डा, पापड, फरसाण, भडंग रोज. वहीत मी "रोजचं खारं" अशी एक ओळच ठेवली आहे. सैंधव घेतल्यानं काही बदलत नाही, तेही मीठच. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते अंगाशी येतं, विचारल्याशिवाय आणू नका.

पाचवं पान: रक्त

उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. उपाशी साखर शंभरच्या आत, एचबीएवनसी ५.७ च्या आत हवं. साखर १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ म्हणजे मधुमेह, मधलं सगळं वाटेवरचं. "बॉर्डरवर आहे" असं हसत सांगणारे लोक तिथंच घर बांधून राहतात, आणि धमन्यांचं नुकसान त्या वाटेवरच सुरू झालेलं असतं. रक्त कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन खाली असेल, तर एचबीएवनसी फसवतं. दोन्ही तपासण्या करून घ्या. क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीनही घ्या, कारण दुखावलेली किडनी हृदयाचा धोका स्वतंत्रपणे वाढवते.

कोलेस्टेरॉलच्या त्याच जुन्या रिपोर्टमध्ये टोटलच्या खाली ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, आणि एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, असतं, तिकडं कुणी बघत नाही. आपल्याकडं नेहमीची जोडी म्हणजे पहिलं जास्त आणि दुसरं कमी, आणि टोटल मात्र सुरेख. अण्णाचं तेच होतं.

आणि एक तपासणी आयुष्यात एकदाच: लिपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक वेगळा कण. चिठ्ठीवर एलपी आणि कंसात ए असं लिहितात. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी मागावी लागते. ही रक्तातून वारशानं येते, जेवणखाण बदलून हलत नाही, आणि आपल्या लोकांत ती वाढलेली सापडणं नवलाचं नाही. पन्नास मिलिग्रॅमच्या वर आली तर बाकीच्या सगळ्या पानांवर जास्त कडक व्हायचं. अण्णाची नव्वदच्या वर निघाली, म्हणून आम्ही सगळ्या भावंडांनी केली. पहिल्या पानावर लाल पेन ज्यांचं चाललं त्यांनी तरी करावीच.

सहावं पान: ज्या गोष्टींना मशीन नाही

घोरणं. नुसतं घोरणं नाही, मध्येच श्वास अडकून दचकणं. हे झोपणाऱ्याला माहीत नसतं, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. रात्रभर श्वास असा तुटत राहिला की बीपी दिवसाही खाली येत नाही, आणि गोळ्या वाढवत राहतात.

बायकांच्या वहीत तीन प्रश्न जास्त. बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? तेव्हा साखर लागली होती का? पाळी चाळिशीच्या आत गेली का? यातलं एक जरी असेल तरी पुढच्या आयुष्यात हृदयाचा धोका जास्त असतो, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण आज कुठलाच डॉक्टर आपणहून विचारत नाही. माझ्या बहिणीला दुसऱ्या खेपेला बीपीमुळं महिनाभर झोपवून ठेवलं होतं. तिच्या कुठल्याच कागदावर ते नव्हतं. आईच्या लक्षात होतं.

सांध्यांचा संधिवात, सोरायसिस असे वर्षानुवर्षं चालणारे सुजेचे आजार असतील तर लिहा. दारू असेल तर आठवड्याला किती ते लिहा, आणि "हृदयाला थोडी चांगली असते" हे ऐकवू नका. चालणं मिनिटांत लिहा: आठवड्याला दीडशे मिनिटं, थोडा दम लागेल असं. रंकाळ्यावर बाकड्यावर बसून झालेली राजकारणाची चर्चा त्यात धरत नाहीत. आणि पैलवानांनी नीट ऐका, तालीम सुटून तीस वर्षं झाली आणि खुराक मात्र चालू आहे, गंगावेशीच्या कट्ट्यावर अजून म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला, हा हिशेब जुळत नाही. विशीतल्या जोर-बैठका साठीला पुरत नाहीत.

ताणाचं मी एका ओळीवर ठेवतो, कारण तो मोजता येत नाही: गेल्या वर्षात काय झालं? कर्ज, कोर्ट, घरातला मृत्यू, मुलाची नोकरी. अण्णाच्या ओळीत वाटणीचा दावा होता, सात वर्षं चाललेला. त्यात समोर मीच होतो.

डॉक्टरांकडं

वही त्यांच्या हातात द्या, तोंडी सांगू नका. कव्हरच्या आतल्या बाजूला फक्त पाच ओळी: बीपीची सरासरी, एचबीएवनसी, घेर, तंबाखू, घराणं. मागची पानं त्यांना हवी तर बघतील. एकच प्रश्न विचारा, "हे सगळं मिळून माझा धोका किती?" नुसतं "कोलेस्टेरॉल कसं आहे?" असं विचारलं की नुसतं "बरं आहे" एवढंच उत्तर येतं. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, चांगली आली म्हणून वही फेकू नका. ती आज रक्त कमी पडतंय का ते दाखवते, नस न अडवता बसलेला थर तिला दिसेलच असं नाही.

पुन्हा वर्षानं. गणपती आणि दिवाळीचा आठवडा धरू नका, जागरण आणि फराळ यात कुणाचंच बीपी खरं येत नाही. मी तुळशीच्या लग्नानंतरचा आठवडा धरतो. अण्णाही तेव्हाच मोजतो, सकाळी सहा चाळीसला, शर्ट काढून, आणि त्या पाच मिनिटांत मी काही विचारलं तर नुसता हात वर करतो.